दिवा शांत झाला का?

जानेवारीत ग्वाल्हेरला दुपार फक्त गच्चीवर असते. खाली घरात सकाळच लांबत लांबत संध्याकाळ होते. त्यामुळे धुकं जरा फाटलं की आमच्या गोठीतल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या गच्च्या भरतात. सतरंज्या, मटाराच्या शेंगा, वाळत घातलेल्या रजया, आणि त्यांच्या मधोमध आम्ही, उन्हाकडे पाठ करून. परवा मीही तशीच बसले होते. तिळाच्या गजकाचा डबा आणायला म्हणून खाली उतरले, तर बाहेरच्या खोलीच्या अंधारात माशांच्या टाकीतला लाल दिवा दिसला.

आता यात बघण्यासारखं काय आहे? हीटरचा दिवा आहे. लागतो, विझतो. पण सकाळी दूध तापवायला उठले तेव्हा तो लागलेला होता. पेपर आला तेव्हा होता. मोलकरीण लादी पुसून गेली तेव्हाही होता.

विझतो म्हटलं आणि जीभ चावली. आमच्या आजीसमोर हा शब्द काढायची सोय नव्हती. दिवा विझत नाही, शांत होतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. घराबाहेर पडताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. बाहेर हिंदीतही तेच, दालबाजारातला लाला रात्री दुकान बंद करत नाही, ‘बढ़ाता’ है. लहानपणी मला हे सगळं खोटं बोलणं वाटायचं. देवघरातली समई तेल संपून विझलेली मला स्वच्छ दिसत असायची आणि आजी शांतपणे म्हणायची, शांत झाली हो.

टाकी माझी नाही, मुलाची आहे. लष्करातली, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागातली, मराठी मुलं शिक्षण झालं की पुण्याची गाडी पकडतात, तसा तोही गेला, आणि दोन फुटी टाकी, चार एंजल, सहा निऑन आणि भिंतीवर चिकटवलेला सूचनांचा कागद मागे ठेवून गेला. एंजलना त्याने नावं ठेवली आहेत. मीही ठेवते, पण माझा अर्थ वेगळा. कोण कोणता ते मला अजून ओळखता येत नाही. चारही चपटे, चारही आढ्यतेखोर, आणि जेवायला घातलं की चारही असे बघतात जणू मी मीठ विसरले आहे.

सूचनांच्या कागदावर पहिलंच वाक्य होतं: पाणी सव्वीस अंश. हे मासे मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, त्यांना थंडी म्हणजे काय ते माहीत नाही. इथे रात्रीचा पारा पाच-सहावर येतो. दिवसासुद्धा आमच्या जुन्या जाड भिंतींच्या खोलीत तेरा-चौदाच्या वर जात नाही. म्हणून बाजारात लोक एवढ्या टाकीला शंभर वॅटचा हीटर घेतात तिथे आम्ही दोनशेचा घेतला. थंडी ग्वाल्हेरची आहे म्हटलं, असू दे दांडगा. शिवाय रात्री मी टाकीवर मुलाची जुनी रजई टाकते. मे महिन्यात ह्याच टाकीवर मी टेबल पंखा लावून बसते, तो भाग निराळा.

तर त्या दिवशी रजई काढायची राहून गेली होती. ती उचलली आणि तोंडावर बाथरूमसारखी वाफ आली. काचेला चिकटवलेला थर्मामीटर तेहतीस दाखवत होता. एंजल चौघेही पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून, आ वासून. दोन निऑन तळाशी आडवे.

मासे गरम पाण्याने मरतात यापेक्षा गुदमरून मरतात असं म्हणणं जास्त खरं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम मावत असेल तर तीस अंशांना साडेसात. आणि उन्हातान्हात आपल्याला धाप लागते तसं माशाचं शरीर तापलं की त्याला तो हवा असतो जास्त. जास्त भूक आणि अर्धी पोळी.

मी काय करावं? जे कुठलीही बाई करेल ते. स्वयंपाकघरातून गार पाण्याची कळशी आणली. नशीब की त्याआधी फोन लावला होता आणि तो स्पीकरवर होता.

“आई, ओतू नकोस! अजिबात ओतू नकोस! गार पाणी एकदम घातलंस तर उरलेलेही जातील. आणि हीटरची काच तडकेल.”

“मग काय करू?”

“हवेचा पंप जोरात कर. आणि हीटर काढ.”

हीटर काढ. सोपं काम. बाही वर केली, हात पाण्यावर नेला.

आणि तिथेच थांबला.

आमच्या लहानपणी घरात बंब होता. तांब्याचा, पोटात नळकांडं, मागच्या अंगणात तुळशीपासून चार हात अंतरावर. पहाटे आजी त्यात ढलप्या आणि गोवऱ्या घालायची आणि अख्खं अंगण त्या धुराने जागं व्हायचं. एक तांब्या गार वर ओतला की एक तांब्या कढत तोटीतून मिळायचा. बंबाचा हा हिशेब माणसांपेक्षा चोख होता. दिवाळीआधी चिंचेने घासून तो असा लखलखीत करायचे की त्यात आपलं तोंड आडवं दिसायचं. मी त्याच्याजवळ पाठ शेकत बसायची आणि अभ्यास चाललाय असं सांगायची. बंबाला एक गुण होता, जो तेव्हा गुण वाटला नाही. लाकूड संपलं की तो आपोआप गार व्हायचा. विसरलात तरी बिघडत नसे. विस्तवाला स्वतःचं पोट असतं, ते रिकामं झालं की तो झोपतो. विजेला पोट नाही.

मग गोठीत रॉड आले. बादलीच्या कडेवर आडवी काठी, तिला लोंबता पितळी वेटोळ्यांचा रॉड, वायरीचं टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये. धूर नाही, राख नाही, अर्ध्या तासात पाणी कढत. आजीने तोंड वाकडं केलं. पण शेजारच्या वाड्यातल्या वहिनींनी लगेच घेतला. त्यांच्याकडे पहाटे सहा अंघोळी व्हायच्या, सासऱ्यांपासून, आणि वीज जायची सातला. मी तेव्हा सातवीत होते. धुक्याची सकाळ होती. वहिनींची बादली लोखंडी होती. पाणी तापलं का बघायला त्यांनी हात घातला.

बाबा बिर्लानगरला गिरणीत विजेच्या खात्यात होते. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर, लग्नामुंजीतसुद्धा. तो आरडाओरडा ऐकून ते अनवाणी नाही, आधी चपला घालून धावले हे मला आठवतं, कारण तेवढा वेळ त्यांनी का घालवला म्हणून मला राग आला होता. त्यांनी मेन बंद केला. तोवर उशीर झाला होता.

घरी येऊन ते काही बोलले नाहीत. आमचाही एक रॉड होता, नवा, माळ्यावर. तो खाली काढला, पक्कड घेतली आणि त्याची वायर मधोमध कापली. मग मला समोर उभं करून तीनदा म्हणायला लावलं: आधी बटण, मग पिन, मग हात. पाढ्यासारखं. आमच्याकडे त्यानंतर किती तरी वर्षं बंबच होता.

वीज कशी पकडते तेही त्यांनीच सांगितलं होतं. विजेने हाताचे स्नायू आवळले जातात, मूठ मिटते, सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. तारेवर बसलेल्या पाखराला काही का होत नाही, तर वीज त्याच्यातून पुढे कुठे जाऊ शकत नाही म्हणून. हे तेव्हा पाखरापुरतंच समजलं होतं. परवा टाकीसमोर उभी राहून पुढचं समजलं. हीटरच्या काचेला बारीकशी चीर गेली असती, आतल्या तारेला पाणी लागलं असतं, तरी मासे आपले मजेत पोहत राहिले असते. त्यांच्यातून वीज जमिनीकडे जायला वाट नाही. ती वाट म्हणजे मी. ओल्या लादीवर उभी, मुलाने घ्यायला लावलेल्या स्लिपर गच्चीच्या दारात काढून ठेवून.

हात मागे घेतला. बटण. पिन. मग खुर्ची ओढून बसले.

“काढलास का?” फोनमधून.

“थांबलेय. पंधरा मिनिटं.”

“कशाला?”

गरम हीटर तसाच बाहेरच्या गारठ्यात काढला तर काच तडकते, म्हणून. आणि दुसरं काही सांगायला त्या वेळी सुचलं नाही.

पाणी हळूहळू उतरवलं. तासाभराने एक मग काढायचा, एक मग घालायचा, हा दिवसभराचा उद्योग. गजक मुंग्यांनी खाल्लं. चारही एंजल वाचले, निऑन आणखी एक गेला.

दुसऱ्या दिवशी तो हीटर पिशवीत घालून दुकानात नेला. दुकानदार म्हणजे मिसरूड फुटलेला पोरगा. त्याने उन्हात धरून बघितला आणि डॉक्टरच्या सुरात म्हणाला, “आंटी, पॉइंट चिपक गया.” आत दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली की वाकते, संपर्क सुटतो, दिवा जातो. इस्त्रीतसुद्धा हीच असते, ती मधूनच ‘टक’ करते ना, तो तिचाच आवाज. हिवाळ्यात ही पट्टी दिवसरात्र लागते-सुटते, दर वेळी सुईएवढी ठिणगी पडते, आणि असं होता होता एक दिवस टोकं एकमेकांना डकवली जातात. मग ती सुटत नाहीत. मी मनात हिशेब केला. दोनशे वॅट, पन्नास लिटर. टाकीतून उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर तासाला तीन अंशांहून जास्त. आणि ती बाहेर जाऊ नये म्हणून मी वर रजई टाकली होती.

पोरग्याने शंभर-शंभरचे दोन दिले. “एक चिपका तो अकेला उबाल नहीं पाएगा, एक मरा तो दूसरा संभाल लेगा.” एकत्र कुटुंबाचं इतकं सरळ समर्थन मी पूर्वी ऐकलं नव्हतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून तीस मिलिअँपिअरचं गळती पकडणारं बटणही बसवून घेतलं. माणसाच्या अंगातून तेवढी वीज जमिनीत जायला लागली की ते पापणी लवायच्या आत तोडतं म्हणे. सॉकेटकडे जाणारी वायर आधी खाली लोंबती सोडून मग वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकतं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, बाईजी, मछली के लिए इतना? मी म्हटलं, हो.

रात्री मुलाचा परत फोन. पुण्याचं कौतुक चालू होतं. खडकवासला भरलंय, पाण्याचं टेन्शन नाही वगैरे. मी म्हटलं, तुझ्या खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपोआप उघडणारी दारं बसवली, आणि नंतर तीच आपल्या तिघरा धरणाला. पाणी ठरल्या रेषेवर आलं की दार स्वतःहून उघडायचं, माणूस लागायचा नाही. तुझ्या नळाला ते पाणी आणि तुझ्या टाकीत हे. तो हसला. मग तिघरा फुटलं कसं, विचारलं. १९१७ मध्ये, पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरून, मी म्हटलं. आपोआपच्या भरवशावर किती राहायचं, असं काहीतरी पुढे बोलणार होते, पण ते बाबांच्या आवाजात निघेल असं वाटून गप्प राहिले.

“आई, तू ती पंधरा मिनिटं का बसलीस खरं?”

मग त्याला रॉडचं सांगितलं. त्याला आजोबांचा टेस्टर माहीत होता, पक्कड माहीत नव्हती. ऐकून घेतलं. मग म्हणाला, “कोण वहिनी गं?”

शेजारच्या वाड्यातल्या, म्हटलं. उंच होत्या, मला काजळ घालायच्या, हळदीकुंकवाला तिळाची वडी हातावर न देता थेट तोंडात घालायच्या.

“नाव काय त्यांचं?”

मी जरा वेळ टाकीकडे बघत राहिले. दोन दिव्यांपैकी एक लागलेला होता, एक शांत होता. सासूसासरे, दीर, आम्ही मुलं, दूधवाला, सगळी गोठ त्यांना वहिनीच म्हणायची.