काळी नखं, सहावा आठवडा: शीर मागे सरकतेय

आधी कुत्र्याच्या नखांचं मोजमाप. पुढच्या डाव्या पंजाचं मधलं नख पहिल्या आठवड्यात १७ मिमी होतं, आज १४. मागची नखं मुळात कमी वाढलेली, ती तिसऱ्याच आठवड्यात जागेवर आली. फरशीवर आता टकटक येते ती फक्त पुढच्या पायांची. कुत्रा सरळ उभा असताना नख जमिनीला टेकता कामा नये, तिथपर्यंत जायचंय.

दर सहा-सात दिवसांनी प्रत्येक नखाचा १ ते दीड मिमीच भाग काढायचा. वाढलेल्या नखात शीर, म्हणजे आतली रक्तवाहिनी आणि मज्जातंतू, हीसुद्धा पुढे आलेली असते, त्यामुळे एका दमात आखूड करायला गेलं की रक्त ठरलेलं. टोक थोडं थोडं, पण नेमाने कमी होत गेलं तर शीर मागे सरते. महिन्यातून एकदा कापून तेवढंच परत वाढतं.

काळ्या नखात शीर बाहेरून दिसत नाही, म्हणून कापलेला भाग समोरून बघायचा. पहिली पातळ चकती निघाली की आत पांढुरकं, खडूसारखं कोरडं दिसतं. पुढच्या एखाद्या चकतीला मधोमध करडा-काळा, किंचित ओलसर ठिपका उमटतो. तिथे थांबायचं, आणखी एक चकती 'बघू' म्हणून काढायची नाही. चुकून लागलंच तर स्टिप्टिक पावडर (रक्त थांबवणारी पूड) किंवा कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकावर दाबून दोन-तीन मिनिटं धरा. मधेच उचलून बघितलं तर धरलेली गुठळी सुटते.

चौथ्या आठवड्यात उजव्या पंजाचं एक नख उभं चिरलं. क्लिपरची धार गेली होती. बोथट पातं नख कापत नाही, चिरडतं. पातं बदललं आणि चिरलेल्या कडेवर ग्राइंडर, म्हणजे नख घासणारं फिरत्या टोकाचं यंत्र, फिरवला. ग्राइंडर एका जागी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नख तापतं आणि कुत्रा पुढच्या वेळी पायच देत नाही. बोटांमधले केस आधी मागे धरा, नाहीतर ते फिरत्या टोकात गुंडाळले जातात.

आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख विसरू नका. ते चालताना झिजत नाही, गोल वळून कातडीत रुततं.

पंजाखालच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला आणले, बोथट टोकाच्या कात्रीने. खोल खणलं नाही. तिथली कातडी सुरकुतलेली असते आणि केसांबरोबर सहज चिमटीत येते. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. बेचकी लालसर दिसली, वास आला किंवा कुत्रा एकच पंजा चाटत बसला तर घरगुती मलम नको, डॉक्टरांना दाखवा. झिंक ऑक्साइडचं क्रीम आणि टी ट्री तेल तर चाटून पोटात जातं आणि विषारी ठरतं.

पुढच्या आठवड्यात फक्त पुढची आठ नखं आणि दोन अंगठे.