श्यूयू म्हणजे नेमका किती वेळ?

चाकणच्या एका कारखान्यात मी चिनी दुभाषी आहे. माझी चिनी सगळी बोल्ट, गळती आणि वॉरंटीची. रात्री मात्र जुनी, ग्रंथांतली चिनी वाचायचा नाद लागलाय. त्याच नादात गेल्या पावसाळ्यात वाहतुकीत अडकले असताना तिकडच्या इंजिनिअरला वीचॅटवर कळवलं, "श्यूयूत येते." उत्तरादाखल हसऱ्या चेहऱ्यांची रांग. हा शब्द कुणी बोलत नाही म्हणे, शाळेत पाठ करतात! फोनवर "निमिषमात्रे पोचते" म्हणावं, तसलाच प्रकार.

त्यांच्या पाठांतरात प्राचीन तत्त्वज्ञ श्युन्‌त्सचं एक वाक्य असतं: दिवसभर नुसता विचार करत बसलो, पण श्यूयूभर शिकण्याची सर त्याला आली नाही. इथे श्यूयू म्हणजे अगदी थोडा वेळ. माझ्याही डोक्यात तेवढंच होतं.

पण पुढे बौद्ध ग्रंथ चिनीत गेले आणि आपल्या 'मुहूर्ता'साठी अनुवादकांनी हाच शब्द उचलला. चिनी भिक्षू फाश्येनने (आपला फाहियान) पाटलिपुत्राहून नेलेल्या महासांघिक विनयाचा, म्हणजे महासांघिक पंथाच्या भिक्षूंच्या नियमग्रंथाचा, अनुवाद इ.स. ४१६ ते ४१८ मध्ये झाला. त्यात चक्क कोष्टक आहे: २० निमिषांची एक चुटकी, २० चुटक्यांचा एक लव, २० लवांचा एक श्यूयू, आणि दिवसरात्रीत ३० श्यूयू. (लव म्हणजे आपल्या 'लवलेशा'तला. चिनीत तो 'लुओयू' होऊन बसलाय.) गणित केलं. चुटकी ७.२ सेकंदांची, म्हणजे वाजवणारा भलताच निवांत असणार. आणि श्यूयू ४८ मिनिटांचा! त्या दिवशी मी पोचले तेव्हा पाऊण तास उलटला होता. इंजिनिअरला हे कोष्टक पाठवलं. तो अजून मानत नाही.

सध्या मराठी करताना अडलेय ती कवी सु शृच्या १०८२ सालच्या लाल कड्यावरच्या रचनेत. रात्री नावेतला पाहुणा बासरी थांबवून म्हणतो, आपलं आयुष्य श्यूयूचं याचं दुःख होतं, यांगत्से नदीला अंत नाही याचा हेवा वाटतो. 'क्षण' लिहिलं तर फार गुळगुळीत झालेला शब्द. 'मुहूर्त' लिहिलं की अक्षता आणि बँडबाजा. मग 'घटका' आठवली. मोजायला गेलं तर २४ मिनिटं, म्हणजे अर्धा मुहूर्त. पण आजी "घटकाभर टेक गं" म्हणायची तेव्हा घड्याळ कोण बघत होतं?

वहीत तूर्त पेन्सिलीनं लिहिलंय: आपलं आयुष्य घटकाभराचं.