मग तुम्ही रडता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांतल्या मयतीला शेजारी येतात, शाळेतले जुने सहकारी येतात, आणि सगळं आटोपल्यावर कबरस्तानाच्या फाटकापाशी चपलांची माती झटकताना त्यांतला एखादा हळूच म्हणतो, “सर, तुमच्यात मेलेला माणूस पुन्हा उठणार म्हणतात. मग तुम्ही एवढे रडता कशाला?” विचारण्यात खोच नसते. पाळकसाहेबांनी नुकतंच पुनरुत्थानाच्या आशेचं वचन वाचलेलं असतं, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी घरच्या बायांनी टाहो फोडलेला असतो. पाहणाऱ्याला मेळ लागत नाही, हे मला कळतं. फाटकापाशी दोन वाक्यांत ते सांगता येत नाही, म्हणून इथे जरा ऐसपैस.

मुळात आम्हाला रडायला कुणी बंदी केलेली नाही. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूची हकिकत सांगणाऱ्या पुस्तकात, लाजराची गोष्ट आहे. यरुशलेमजवळच्या बेथानीत राहणारा हा येशूचा मित्र. तो आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस आहे तिथेच राहतो. पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. दोघी बहिणी तोंडावर बोलून दाखवतात, प्रभू, तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. कबरेवरची धोंड काढा म्हटल्यावर मार्था, घर सांभाळणारी व्यवहारी बाई, म्हणते की आता वास येत असेल. या सगळ्याच्या मधोमध दोनच शब्दांचं वचन आहे: येशू रडला. थोड्याच वेळात आपण याला हाक मारून बाहेर बोलावणार, हे ज्याला ठाऊक आहे तोच रडतो आहे. तुमचा प्रश्न खरं तर आधी त्याला विचारायला हवा. तिथल्या काहींनी विचारलाच, थोड्या वेगळ्या तऱ्हेने: आंधळ्याला दृष्टी देणाऱ्याला हे मरण टाळता आलं नसतं का?

मरणाला आम्ही गोड मानत नाही. येशूचा प्रेषित पौल त्याला ‘शेवटचा शत्रू’ म्हणतो. त्याचा एक दिवस पाडाव होणार ही आमची आशा आहे, पण शत्रूने घरातलं माणूस नेलं तर डोळ्यांत पाणी यायचंच.

दुसरा घोळ याहून मोठा आहे. बहुतेकांना वाटतं, पुनरुत्थान म्हणजे आत्मा देवाघरी जाणं. आमच्यातल्याही पुष्कळांना तसंच वाटतं. जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा गीतेतला दाखला आपल्या सगळ्यांच्या कानावर लहानपणापासून असतो. मीही तो श्लोक पाठ केला आणि मुलांकडून करून घेतला. फार सुंदर आहे. पण आमचा विश्वास निराळं सांगतो. शरीर हे टाकून द्यायचं वस्त्र नव्हे, उठायचंय ते शरीरानेच. ते बदललेलं असेल, नाश न पावणारं असेल, पण शरीरच असेल. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. शिष्यांना भूत वाटलं, तेव्हा त्याने खायला काही आहे का म्हणून विचारलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. अथेन्सच्या विद्वानांनी पौलाचं भाषण निमूट ऐकून घेतलं होतं, पण मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघताच काहींनी त्याची टर उडवली. मेलेली माणसं उठत नाहीत हे कळायला विसाव्या शतकाची वाट बघावी लागली नव्हती.

हे शरीराचं प्रकरण मला आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बाईंमुळे उमगलं. त्या नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मंडळीत बाईमाणूस वारलं की अंघोळ घालायला त्यांनाच बोलावणं जातं. माझ्या आईच्या वेळी मी दाराबाहेर बादल्या भरून देत होतो. त्यांनी पहिली बादली परत पाठवली, पाणी गार होतं म्हणून. आतून त्यांचा आवाज येत होता, “हात वर घ्या आई, आता पाठ.” नखं कापली, केसांतली गुंत बोटांनी सोडवली, आई घालायची तशी बारीक वेणी घातली. पुढे एकदा वृद्धाश्रमातून एक म्हातारी आली. नात्यातलं कुणी नव्हतं, पेटी बंद करायची घाई चालली होती. कुणीतरी म्हणालं, आता कोण बघायला येतंय? बाई म्हणाल्या, “उठायचंय ना तिला? मग नीट नको?” करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली शरीरं थेट कबरस्तानात यायची, तेव्हा त्या फाटकाबाहेर उभ्या राहून चिडायच्या. हात लावू देत नाहीत, ही त्यांची तक्रार.

आता शिष्यत्वाकडे येतो, कारण तुम्ही विचारलंय त्याचा उलगडा तिथेच होतो. येशूच्या अटकेच्या रात्री त्याचा शिष्य पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता आणि तीनदा म्हणाला होता, मी त्याला ओळखत नाही. उठलेला येशू त्याला गाठतो तो गालीलच्या सरोवराकाठी, पहाटे, आणि पुन्हा कोळशाच्या विस्तवापाशीच. रात्रभर जाळी टाकून दमलेल्या माणसांना तो म्हणतो, या, न्याहारी करा. मासे आणि भाकर. खाऊन झाल्यावर पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? आणि दर वेळी उत्तरामागोमाग काम सोपवतो: माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. मरणापलीकडे काय पाहिलं, स्वर्ग कसा आहे, याबद्दल अवाक्षर नाही. एवढं होऊनही पेत्र मागे वळून दुसऱ्या एका शिष्याकडे बघत विचारतो, प्रभू, याचं काय? उत्तर मिळतं, तुला काय त्याचं? तू माझ्यामागे ये. मंडळीच्या वार्षिक सभेत हे वचन व्यासपीठामागे मोठ्या अक्षरांत लावावं, असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

पौलाचंही तसंच. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आम्ही मयतीला वाचतो. अरे मरणा, तुझी नांगी कोठे, हे त्यातलंच. 58 वचनांचा तो अध्याय चढत चढत जातो आणि संपतो तो कामावर: प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. लगेच पुढचं वाक्य वर्गणीचं. यरुशलेमच्या गरिबांसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. अध्यायांचे आकडे पुष्कळ नंतर पडले. पौलाने लिहिलं तेव्हा मेलेल्यांना उठवणारा कर्ण्याचा नाद आणि वर्गणी यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर केडगावला जा. आमच्या नगरला खेटून असलेलं नव्हे, दौंडजवळचं. पंडिता रमाबाईंना मरण नवीन नव्हतं. 1870 च्या दशकात दुष्काळात वणवण करताना आईवडील गेले, मागोमाग थोरली बहीण. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच नवरा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावला निराधार मुलींचं मुक्ती सदन उभं राहिलं. मग म्हातारपणी एकुलती एक लेक मनोरमा, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं, 1921 मध्ये गेली. रमाबाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, अल्पशिक्षित बाईलाही वाचता यावं असं. छपाईचे खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच मुली. लेकीच्या मागे त्या पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या आणि 5 एप्रिल 1922 ला त्यांचं निधन होईपर्यंत ते काम चाललं. पूर्ण ग्रंथ बाहेर आला तो त्यांच्या पश्चात. त्या बाई लेकीसाठी रडल्या नसतील असं कोण म्हणेल? पण खिळे जुळवून तयार असलेली पानं वाट बघत होती.

आम्ही सगळे असे असतो, असा कृपया समज करून घेऊ नका. मंडळ्यांच्या जमिनींवरून कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडतात. कबरीच्या जागेसाठी सख्खे भाऊ हमरीतुमरीवर येतात, आणि तेच दोघे ईस्टरच्या पहाटे शेजारी शेजारी उभे राहून ‘प्रभू उठला आहे’ म्हणतात. आवाज दोघांचेही खणखणीत.

आणि तुमची स्वतःची खात्री आहे का, हा पुढचा प्रश्न मी ओळखून आहे. रोज सारखी नसते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवट बायका कबरेपासून घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, इथेच होतो. काही दिवस मी तिथेच असतो. त्या दिवशीही मयतीच्या घरचे डबे चुकत नाहीत. दफनानंतर आठवडाभर त्या घरी चूल पेटवायची नाही, दोन्ही वेळचं मंडळीने पुरवायचं, अशी आमच्यात पद्धत आहे. कुणाचा डबा कोणत्या दिवशी, ती यादी माझ्याकडे असते. विधवेच्या पेन्शनचा फॉर्म, बँकेतल्या खात्यावरचं नाव, मुलाच्या कॉलेजची फी, हे सगळं त्याच यादीच्या मागच्या बाजूला. गुरुवारची रात्र बहुधा रिकामी राहते. पुढच्या वेळी फाटकापाशी भेटलात की ती तुमच्या नावावर लिहू का? वरण-भात चालतो, मटणालाही कुणी नाही म्हणत नाही.