तुम्ही विचारलंत म्हणून : पहिला वार कोणाचा?

राखेने माखलेला पूल, खाली विझत आलेला लाव्हा, आणि दोन पावलं टाकली की तलवार पोचेल एवढ्या अंतरावर उभे दोन चिलखती योद्धे. एकाचं चिलखत जळून काळं पडलेलं, दुसऱ्याचं हाडासारखं पांढरं. माझं हे चित्र पाहून तुम्ही सगळे एकच विचारता: पहिला वार कोणाचा? आणि मग जरा नाराजीने: वारच का नाही काढलात?

बरीच वर्षं मी याला चित्रकलेचं उत्तर देत आले. तलवार हवेत असली की नजर पात्यावरून घसरत जखमेपाशी जाते आणि तिथेच थांबते. उगारण्याआधीच्या क्षणी ती दोघांमध्ये येरझाऱ्या घालत राहते. म्हणून तर त्यांच्यामधली रिकामी जागा मी सगळ्यांत उजळ ठेवली आणि दोघांना उजेडाकडे पाठ करून उभं केलं. हे उत्तर खोटं नाही, पण ते देऊन मी सुटका करून घेत होते.

दुसरं उत्तर चिलखताचं. ते मी जरा चढ्या आवाजात देते, कारण एका फटक्यात पोलादी छाती चिरलेली चित्रं पाहून मला खरोखर राग येतो. पंधराव्या शतकातलं पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असे आणि तलवारीची धार त्यावर चालत नसे. हान्स टालहोफर या जर्मन तलवारशिक्षकाचं १४६७ सालचं सचित्र हस्तलिखित पाहा. त्यातली चिलखती माणसं एका हाताने स्वतःच्याच तलवारीचं पातं धरतात आणि तिचा आखूड भाला करून काखेत, सांध्यात, चेहऱ्यावरच्या फटीत टोक घुसवायला जागा शोधतात. अशी जागा शोधणारा माणूस धावत सुटत नाही, तो उभा राहतो, पाहतो. एवढं बोलून मी गप्प बसायचे.

आता राहिलेलं सांगते.

चित्राचा कच्चा आराखडा झाला होता, पण दोघांची उभं राहण्याची ढब जमत नव्हती. ज्या मित्राबरोबर मी दोन वर्षं बोथट पोलादी तलवारीने सराव करत होते, त्याला म्हटलं, आपण दोघं चिलखत घालून समोरासमोर उभे राहू, बाकी काही नाही. त्याच्या डाव्या लोखंडी हातमोज्याचा पट्टा तुटला होता. नुसतं उभंच तर राहायचंय, म्हणून त्याने साधा चामडी हातमोजा घातला. ते मला माहीत होतं. कॅमेरा तिवईवर लावला, शिरस्त्राणांच्या चेहरा झाकणाऱ्या झडपा खाली ओढल्या.

झडप बंद झाली की पहिल्यांदा माणूस नाहीसा होतो. तुमच्या पुढ्यात उरतो एक धातूचा चेहरा आणि त्यातली काळी रेघ. स्वतःचा श्वास एवढा मोठा ऐकू येतो की बाहेरचं काही पोचत नाही. २०११ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी चिलखती माणसांना ट्रेडमिलवर चालवलं होतं. चालण्याला जवळपास दुप्पट ऊर्जा लागली आणि श्वास उथळ, भराभर होत गेला. मी हे वाचलेलं होतं. वाचलेलं असणं त्या फटीमागे काही कामाला आलं नाही. दोन मिनिटं झाली असतील. मला एकाएकी खात्री वाटू लागली की समोरचा माझा मित्र नाही. हे मी वाक्य सजवायला लिहीत नाही, मला तसंच वाटलं. मग त्याचा डावा हात तलवारीच्या मुठीवरून सुटला आणि वर आला. तो पातं धरणार, पुढे येणार, असं वाटलं आणि मी मारलं.

तलवार त्याच्या बोटांवर बसली. तो किंचाळला असणार, पण मला फक्त घुमल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. त्याने तलवार टाकली आणि उजव्या हाताने झडपेशी झटू लागला, तेव्हा मला कळलं की तो हात कुठे चालला होता. मी झडप उघडली. ओठ पांढरे पडले होते. "थांब म्हणत होतो मी," एवढंच तो म्हणाला. दोन बोटं मोडली होती. त्यातलं एक आजही पूर्ण मिटत नाही.

थांबायचं असेल तर तलवारीचं टोक जमिनीला टेकवायचं, हा आमचा नियम होता. त्याने ते टेकवलं नाही. हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. पण मी टोकाकडे पाहत होते का? नव्हते, हाताकडे पाहत होते. टेकवलं असतं तरी मला दिसलं नसतं.

त्या काळच्या माझ्या वहीत ठळक अक्षरांत एक ओळ आहे: पहिला वार भित्र्याचा. ती लिहिणारीला मला विचारायचंय की मग त्याचं काय? घाबरलेला तर तोही होता. त्याच भीतीने त्याने चेहरा उघडायला हात उचलला आणि मी तलवार उचलली. भीती एकच होती, तर फरक कशाने पडला, हे मला सांगता येत नाही. तो म्हणतो, त्याच्या जागी मी असते तर त्यानेही मारलं असतं. माझा त्यावर विश्वास नाही. तो मला बरं वाटावं म्हणून बोलतो.

चित्रात काळ्या योद्ध्याचा डावा हात मुठीवरून सुटलेला आहे, छातीच्या उंचीवर. तुमच्यापैकी काहींना वाटतं तो पातं धरणार आहे, काहींना वाटतं झडप उघडणार आहे. तो हात मी तीनदा रंगवला. पहिल्यांदा बोटं स्पष्टपणे हनुवटीच्या पट्ट्याकडे वळलेली होती. ती मी पुसली, कारण तसं ठेवलं असतं तर दोष उघडउघड पांढऱ्यावर गेला असता. दुसऱ्यांदा ती पात्याकडे वळवली. मग पांढऱ्याला माफी मिळत होती, तेही पुसलं.

पूर्ण झालेलं चित्र मित्राला दाखवलं. तो बराच वेळ त्या हातासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "याहून वर होता."

मी तो हात अजून हलवलेला नाही.