गाळात गेलेलं निकेल

मी निकेल प्लेटिंगच्या कारखान्यात कॉस्टिंग बघतो. ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या विभागाचा, सगळा खर्च, म्हणजे कॉस्टिक सोडा, वीज, माणसं, गाळ उचलणाऱ्याचं बिल, महिनाअखेरीस ‘ओव्हरहेड’च्या पोतडीत जातो आणि नगांवर सारखा वाटला जातो. सपाट वॉशरवर जेवढा, तेवढाच खोलगट कपावर. नऊ वर्षं मीही निमूटपणे वाटत आलो.

गाळाचं बिल दीडपट आलं तेव्हा साहेबांनी मला ईटीपीवर पिटाळलं. गाळ दाबून पाणी काढणारा फिल्टर प्रेस उघडत होते. प्लेटांमधून हिरवट वड्या धपाधप पडत होत्या. एवढं दाबूनही लॅबच्या मते वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग पाणीच. बिल मात्र वजनावर! आणि तो हिरवा रंग निकेल हायड्रॉक्साइडचा, म्हणजे आम्हीच विकत घेतलेल्या निकेलचा. त्याचे पैसे तीनदा जातात: घेताना, कॉस्टिक घालून खाली बसवताना आणि टाकताना. आम्ही बोंब मारतो ती फक्त टाकण्याच्या बिलावर. वाया गेलेल्या मालावरही कच्चा माल, वीज, मजुरी असं सगळं चढवा, हे आयएसओ 14051 या खर्चाच्या हिशेबाच्या मानकात 2011 पासून लिहिलेलं आहे. आमच्या ऑडिटच्या कपाटात त्याची प्रत आहे, कोरी करकरीत.

मग लाइनवर गेलो. कपांचा जिग, म्हणजे नग टांगायचा सांगाडा, प्लेटिंगच्या टाकीतून वर येतो तो पळीसारखा द्रावण भरून. पोरं तो तसाच धुण्याच्या टाकीत बुडवतात, पाणी लगेच हिरवं, आणि तेच पुढे ईटीपीत. तिथले जुने काका मात्र जिग तिरका धरून दहा आकडे मोजतात. मी खाली एक मग धरला. 24 कपांच्या एका जिगमधून तो अर्धा भरला.

नव्याने हिशेब मांडला. वॉशर फायद्यात, आणि मार्केटिंगचा लाडका कप तोट्यात. मार्केटिंगवाले म्हणाले, “तुम्ही खर्च शोधत नाही, तयार करता.” त्यांचं चालायचंच.

मला खुपतंय ते वेगळंच. ताशी किती जिग, हा तक्ता मीच काढतो. त्यात काका दोन वर्षं तळाला होते आणि त्यावरूनच त्यांचा इन्सेंटिव्ह कापला गेला. त्यांना सांगायला गेलो, तर म्हणाले, “साहेब, निथळायला वेळ लागतो, हे तेव्हाही सांगितलं होतं मी.” सांगितलं होतं खरं. मी त्यापुढे ‘सबब’ असा शेरा मारला होता.

आता टाकीवर पाटी लागली आहे: दहा सेकंद निथळू द्या. काकांच्या थकबाकीचा अर्ज मीच लिहून दिला. मागच्या तारखेने देता येत नाही, असं एचआरचं उत्तर आलंय. ताशी जिगचा रकाना तक्त्यात अजून आहे.