फुली मारून मत द्यायचं म्हणजे काय गं?

दिवाळीला म्हणून ठाण्याला नौपाड्यात घरी आले ती विधानसभेच्या मतदानापर्यंत राहिलेच, म्हणजे २० नोव्हेंबर २०२४ पर्यंत, त्यामुळे घरात रोज संध्याकाळी चहासोबत निवडणूक. त्यात मी जुलैमध्ये रेडिंगला ब्रिटनच्या संसदेसाठी मत दिलं हे कळल्यावर काकाचा पहिला प्रश्न, "तू तिकडची नागरिक झालीस की काय?" नाही रे काका, पासपोर्ट अजून आपलाच आहे. पण भारतासारख्या कॉमनवेल्थ देशातला माणूस तिकडे रीतसर व्हिसावर राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, मलाही ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

तर ४ जुलै २०२४, गुरुवार. सकाळी ७ ते रात्री १० मतदान, म्हणून ऑफिस सुटल्यावर आरामात गेले. चर्चचा हॉल, रांग म्हणाल तर चार माणसं आणि एक कुत्रा. फोटो आयडी आता लागतं, तिथे भारतीय पासपोर्ट चालतो. नाव खोडलं, कागद दिला, झालं. मी सवयीने डावा हात पुढे केला शाईसाठी, बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

कागद उघडला आणि पहिली गंमत. आपली नजर आधी चिन्ह शोधते ना, तिथे नावच ठळक, तेही आडनावाच्या अकारविल्हे, खाली पक्ष, आणि पक्षाचं बोधचिन्ह उजव्या बाजूला बारकंसं, काळंपांढरं. अपक्षाला तर काहीच नाही. आपल्याकडे अपक्षालाही गॅस सिलिंडर नाहीतर शिट्टी तरी मिळते. शिवाय आपल्याकडे आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, मग अपक्ष, अशी उतरंड असते, तिकडे सगळे एकाच पंगतीत. उमेदवाराचा फोटोही नाही, आपल्याकडे तो २०१५ पासून आहे. आणि पक्षाचं नाव कागदावर यायला लागलं तेच मुळी १९७० च्या निवडणुकीपासून, त्याआधी कोण कुठल्या पक्षाचा हे घरून पाठ करून जायचं!

मग दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. ("म्हणजे तिकडेही पळवतात तर," इति आई.) आणि सूचना काय, तर ज्याला मत द्यायचं त्याच्यासमोर फुली मारा.

इथे आईने कप खाली ठेवला. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, तीस वर्षं लाल पेनने फुल्या मारल्यात तिने, आणि फुली म्हणजे चूक, विषय संपला. खरं सांगू, माझाही हात तिथे दोन सेकंद अडलाच. आपल्याकडे 'नोटा'चं चिन्हच बघा ना, मतपत्रिकेवर मारलेली फुली. म्हणजे इथे 'कोणीच नको' आणि तिकडे 'हाच हवा'.

पण आईचा खरा प्रश्न मास्तरीणबाईंचा नव्हता, इलेक्शन ड्युटीचा होता. मशीन यायच्या आधी तिने कागदी मतपत्रिकांच्या ड्युट्या केल्यात. "फुलीऐवजी कोणी टिक केली तर बाद?" नाही, मतदाराचा कल स्पष्ट दिसला की मत धरतात, टिक असो नाहीतर हसरा चेहरा असो. आई अवाक. तिच्या वेळी मतदान केंद्रात दिलेल्या त्या बाणांच्या फुलीच्या शिक्क्याशिवाय दुसरी कसलीही खूण असली की मत बाद, पेनाने केलेली तर बादच. आणि कागदाची घडी आधी उभी, मग आडवी, नाहीतर ओली शाई दुसऱ्या उमेदवाराच्या रकान्यात उमटते. हे तिने मला चहाच्या टेबलावर पेपरची पुरवणी घेऊन घडी घालून दाखवलं! पेन्सिल बरी ती याचसाठी, डाग उमटत नाही. पण स्वतःचं पेन नेलं तरी तिकडे चालतं.

काकाला मात्र वेगळाच मुद्दा सापडला. तिकडच्या मतपत्रिकेच्या मागे नंबर असतो आणि तो कोणाला दिला त्याची यादी ठेवतात. "मग गुप्त कसलं डोंबलाचं!" यादी सीलबंद असते, कोर्टाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत, हे सांगून त्याचं समाधान झालं नाही. पण कागद हाताने मोजतात आणि पहाटेपर्यंत बहुतेक निकाल लागतात म्हटल्यावर लगेच, "बघ, मग आपल्याकडेही कागदच हवा." अरे काका, तिकडे एका मतदारसंघात साधारण ७०-७५ हजार मतदार, आणि आपल्या ठाणे लोकसभेत, मीरा-भाईंदरपासून ऐरोली-बेलापूरपर्यंत, २५ लाखांच्या घरात! मला विचाराल तर आपलं मशीन आणि ती ७ सेकंद दिसणारी चिठ्ठी बरी, फक्त लोकसभेला २० मे ला मत देऊन निकालासाठी ४ जूनपर्यंत थांबणं मला जमलं नसतं.

जमलं नसतं म्हणजे, देताच आलं नाही. परदेशातून मत द्यायचं तर ओव्हरसीज मतदार म्हणून फॉर्म ६ अ भरायचा आणि तरीही मतदानाला स्वतः ठाण्यात हजर राहायचं, पोस्टाने नाही. फॉर्म भरायचा तीन वर्षं राहून गेला, चूक माझीच.

म्हणून २० नोव्हेंबरला सकाळी सगळे शाळेत मत द्यायला गेले तेव्हा मी बाहेर झाडाखाली उभी. आत मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे आईचा, बाबांचा आणि काकाचा असे तीन मोबाईल माझ्या हातात, त्यात काकाचा सारखा वाजतोय. आई बाहेर आली, बोटावरची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून, आणि म्हणाली, "दे गं चष्म्याचं घर."