तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रीची रेशमी टोपी

आमच्याकडे मुक्कामाला आलेलं माणूस सकाळी आधी हसतं आणि मग हळूच विचारतं, "ती टोपी घालून झोपल्याने खरंच काही फरक पडतो का गं?"

पडतो. पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही, आणि सांगतात त्या कारणानेही नाही.

माझे केस कुरळे. रात्री नीट बसवलेली वळणं सकाळी एका बाजूने चपटी, दुसऱ्या बाजूने पिंजारलेली, आणि मानेपाशी असा गुंता की कंगव्याचे दात मोडावेत. कितीतरी वर्षं मी याचा दोष तेलाला दिला, मग शाम्पूला, मग नळाच्या पाण्याला. उशीकडे कधी लक्षच गेलं नाही.

केसाच्या वरच्या थराला खवले असतात, कौलांसारखे एकावर एक रचलेले आणि टोकाकडे उतरते. एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवा, गुळगुळीत लागेल. उलटी फिरवा, अडखळतील. झोपेत कूस बदलताना केस सगळ्याच दिशांनी घासले जातात. त्यात कापसाचा तंतू जेमतेम 2-3 सेंटिमीटरचा, म्हणून सुती अभ्र्यावर बारीक टोकांची लव असते आणि तिच्यात केस अडकतात. रेशमाचा तंतू कोशातून निघतो तो शेकडो मीटर अखंड. त्यावरून केस सरकतो. टोपीत तर तो जागचा फारसा हलतच नाही.

आता हिशेब बघा. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात. म्हणजे 30 सेंटिमीटर केसांची टोकं अडीच वर्षांची, 900 रात्री उशीवर घासलेली. त्यांना फाटे फुटले तर नवल काय! कुरळ्या केसांत टाळूचं तेलही इतकी वळणं उतरून टोकापर्यंत पोहोचत नाही.

"रेशीम ओलावा शोषत नाही" हे मात्र तुम्ही ऐकलं असेल तर विसरा. शोषतं, चांगलंच शोषतं. न शोषणारं असतं ते पॉलिएस्टर. आणि सॅटिन हे मुळात विणीचं नाव आहे, धाग्याचं नव्हे; स्वस्तातली सॅटिनची टोपी बहुधा पॉलिएस्टरचीच असते. घर्षण तीही कमी करते. उकडत नसेल तर खुशाल घ्या.

पुढचा प्रश्न ठरलेला: केस गळायचे थांबतात का? नाही. मुळाशी काय चाललंय याच्याशी टोपीचा काही संबंध नाही. रोज 50 ते 100 केस गळणं तसंही नेहमीचंच. पडलेला केस उचलून बघा. एका टोकाला पांढुरका ठिपका असेल तर तो मुळापासून सुटलेला. नसेल तर मधेच तुटलेला. टोपीचा उपयोग झालाच तर या दुसऱ्या प्रकाराला.

माझ्या चुकाही सांगते. पहिल्या टोपीचं इलॅस्टिक इतकं घट्ट होतं की सकाळी कपाळावर वळ उठायचा. असा ताण रोज पडला तर कपाळाकडचेच केस विरळ होतात, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. दुसरी टोपी मी धुण्याच्या पावडरीत घालून घालवली. रेशीम हे प्रथिन, आणि डाग काढायला बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात! आता सौम्य साबण, गार पाणी, आणि पिळायचं नाही. ओल्या केसांवर टोपी घालून झोपण्याचा आळसही करून झालाय. सकाळपर्यंत केस दमट राहिले आणि कुबट वास आला तो वेगळाच.

राहिला शेवटचा प्रश्न, जो खरं तर सगळ्यांना पहिल्यांदा विचारायचा असतो: नवरा काय म्हणतो? पहिल्या रात्री दचकला होता. हल्ली सकाळी टोपी पलंगाखाली सापडली की न बोलता माझ्या उशीवर आणून ठेवतो.